अल्फोन्सची गाडी आणि फिलोमेनचा कान

दोन कावळ्यांच्या तळ्यावर, म्हणजे आमच्या वस्तीत, कुणाची गाडी बिघडली की माणूस आधी तिला शिव्या घालायचा, मग टायरला लाथ हाणायचा आणि मग फिलोमेनच्या दारात जायचा. गॅरेज होतं, नाही असं नाही. पण ते शहरात, जंगलातल्या कच्च्या रस्त्यानं दीड तासाच्या वाटेवर. आणि तिथवर जायचं तर गाडी चालू पाहिजे.

फिलोमेननं स्वतः जन्मात पाना धरला नाही. पाना धरायचा तिच्या नवऱ्यानं, अल्फोन्सनं. अल्फोन्स उमेदीत लाकूडतोडीवर होता आणि यांत्रिक करवतीच्या आवाजानं त्याचे दोन्ही कान खाऊन टाकले होते. जवळून मारलेली हाक कशीबशी आत शिरायची, पण इंजिनाची कुरकुर काही ऐकू यायची नाही. तेव्हा तो गाडीच्या तोंडात डोकं घालून वाकायचा, फिलोमेन चाकामागं बसून किल्ली फिरवायची आणि जे ऐकू येईल ते खिडकीतून मान काढून ओरडायची. "कटकट करतीया!" म्हणजे बॅटरी मेली. "एकच ठोका देतीया!" म्हणजे स्टार्टर अडकला. "मांजरागत केकाटतीया!" म्हणजे पंख्याचा पट्टा ढिला. हात त्याचे, कान तिचे, असा तो संसार.

लग्नाच्या पहिल्याच साली एकदा घोटाळा झाला. जुन्या गाडीला एक खोड असते, किल्ली काढली तरी इंजिन क्षणभर धडधडत राहतं. संध्याकाळची वेळ. अल्फोन्सनं आतनं विचारलं, बंद झाली का? हिनं किल्ली काढलेली, डोळे तळ्यावर उतरणाऱ्या बदकांकडं. न ऐकताच बोलली, "झाली." त्यानं हात घातला आणि पट्ट्यानं त्याच्या करंगळीचं पेर नेलं. अल्फोन्स तिला एका शब्दानं बोलला नाही. नुसती करंगळी फडक्यात गुंडाळून म्हणाला, "बरं झालं, नाक खाजवायला दुसरं बोट हाय." पण त्या दिवसापासून गाडीच्या आवाजाबाबत फिलोमेनच्या तोंडून चेष्टेत म्हणूनसुद्धा खोटा शब्द गेला नाही.

अल्फोन्सची गाडी म्हणजे एक लांबलचक तपकिरी धूड. मागं इतकी जागा, की अख्खा मूस, म्हणजे घोड्याएवढं रानटी सांबर, पाय दुमडून मावायचा आणि मावलाही होता. एक दार दोरीनं बांधलेलं. रेडिएटर गळायला लागला की त्यात मिरीपूड टाकायची, पट्टा तुटला तर फिलोमेनचा पायमोजा पिळून बांधायचा. त्या गाडीनं पोरगा लिऑन दवाखान्यातनं घरी आणला, आणि तोच लिऑन वयात आल्यावर दूरच्या विनिपेग शहराच्या बसपर्यंत त्याच गाडीनं पोचवला. मग एका शरद ऋतूत अल्फोन्स दाराच्या पायरीवर चहा पिता पिता गेला. गाडी अंगणात लावलेली होती, ती तिथंच राहिली.

आता आमच्याकडं एक रीत आहे. चालती गाडी मालकाची. पण अंगणात निजलेली गाडी गावाची. कुणाचं काय मोडलं की त्यानं यायचं, मापाचं बसतंय का बघायचं आणि काढून न्यायचं. बदल्यात कधी मूसच्या मांसाचा तुकडा येतो, कधी मासे येतात, कधी काहीच येत नाही, आणि दिलेलं कुणी माघारी मागत नाही. नाही म्हणणारा माणूस अजून तरी तळ्यावर जन्माला आलेला नाही.

पहिला आला तिचा दीर झॅकरी. अल्फोन्सचा धाकटा भाऊ. त्याचं घर समोरच, आणि दोघांच्या घरांत मिळून फोन एकच, तोही त्याच्याकडं. त्याच्या गाडीचा हॉर्न कधीचा मुका झाला होता. "वैनी," तो म्हणाला, "दादा जिता व्हता तवर माझ्यावर वरडायचा. त्येचा आवाज तेवढा मला दे." फिलोमेन हसली. दिला.

पुढल्या रविवारी लिऑनचा फोन आला. विनिपेगमध्ये त्याचं काही धड चाललेलं नव्हतं. इथं तिथं हमाली, भाड्याच्या खोलीत चार जण, त्यातला एक रात्रभर खोकणारा. बोलता बोलता त्यानं विचारलं, बाबाची गाडी आहे का अजून? आहे, म्हणाली. तेव्हा त्यानं मनातलं सांगितलं. तळ्याच्या पलीकडच्या लाकूडगिरणीत कामाला माणसं घेत होते, पण स्वतःची गाडी असेल त्यालाच. बर्फ पडायच्या सुमाराला येतो, गाडी चालू करतो आणि घरीच राहतो.

फिलोमेन फोन ठेवून अंगणात आली. गाडीभोवती एक चक्कर मारली. बॅटरी तेवढी मेलेली होती, बाकी हॉर्न सोडला तर सगळं जागच्या जागी. तिनं मनाशी ठरवलं, आता कुणाला खिळासुद्धा द्यायचा नाही.

ठरवणं सोपं असतं. पण लोक तिच्याकडं काही मागायला येत नव्हतेच मुळी. ते आजार सांगायला यायचे. एकजण आला, म्हणाला, धुराड्यातनं पांढरा धूर येतोय. तिनं वास घेतला, गोडसर. रेडिएटरचं पाणी इंजिनात उतरतंय, गाडीचा नाद सोड, म्हणाली. तो बिचारा काही न नेता गेला. पण दुसरा आला, त्याची गाडी चढावर उकळत होती. तिनं कान लावला, हात लावला आणि खरं ते सांगितलं, की रेडिएटर सडलाय, मिरीपुडीच्या पलीकडं गेलाय. सांगितलं आणि दोघांचीही नजर आपसूक अंगणाकडं वळली. तिनं त्याला चहा पाजला, बॅनक, म्हणजे आमच्याकडची जाड भाकरी, खायला घातली, हवापाण्याचं बोलली. शेवटी तो उठला तेव्हा तिच्याच तोंडून गेलं, "ने जा. पान्यानं सांभाळून खोल, बोल्ट गंजल्यात."

तसाच अल्टरनेटर गेला, तसाच स्टार्टर गेला. तशीच दोन चाकं गेली आणि गाडीच्या एका कुशीखाली दगड आले. दर खेपेला ती मनाची समजूत घालायची, एवढ्यानं काय होतंय, एवढं एक लिऑन कुठनंतरी पैदा करील. आणि दर रविवारी फोनवर पोरगा विचारायचा, गाडी कशी आहे?

"उभी हाय," ती म्हणायची.

झॅकरी बाजूला बसून ऐकायचा. एकदा फोन ठेवल्यावर म्हणाला, "वैनी, उभी तर टेकडीबी हाय. खरं सांग की पोराला." तिनं सांगितलं नाही. सांगितलं तर तो येणार नाही, ही भीती. आला आणि बघितलं तर काय, याचा विचार तिनं पुढं ढकलला. गळणाऱ्या छपराखाली माणूस पाऊस थांबल्यावर बघू म्हणतो, तसा.

सगळ्यात शेवटी आली रोझली. फिलोमेनची लहानपणची जोडीदारीण, एका वर्गात मार खाल्लेली. रोझलीची मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि आठवड्यातनं तीनदा तिला रक्त धुवायला शहराच्या दवाखान्यात जावं लागायचं. तिची गाडी सुरू व्हायची, कोसभर जायची आणि मान टाकायची. थोडं थांबलं की परत कोसभर.

फिलोमेननं इंजिनातली तेल मोजायची पट्टी बाहेर काढून हुंगली. तेलाला पेट्रोलचा वास होता. पेट्रोलच्या पंपाचा पडदा फाटलाय, हे तिला तेव्हाच कळलं. आणि अंगणातल्या गाडीत आता राहण्यासारखं राहिलं होतं ते इंजिन आणि त्याचा पंप. दोन्ही गाड्या एकाच घाटणीच्या, माप हुबेहूब बसणार.

"थंडीनं पेट्रोल गोठत आसंल," रोझली आपणहून म्हणाली. "जरा स्पिरिट ओतून बघते." तिला लिऑनचं ठाऊक होतं. सगळ्या तळ्याला ठाऊक होतं.

फिलोमेननं नुसतं हं म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"पंप गेलाय तुझा, रोझे," ती म्हणाली. "झॅकरीला बोलव, माझ्या गाडीतला काढून बसवंल. न्हाईतर वाटंत मरशील आनि माझ्या डोस्क्यावर बसशील."

लिऑन आला तो बर्फ टणक झाल्यावर. लाकडाच्या ट्रकनं त्याला वळणावर सोडलं, तिथनं तो चालत आला. पाठीला पिशवी आणि दोन्ही हातांत, तान्हं पोर धरावं तशी पोटाशी धरलेली एक नवीकोरी बॅटरी. विनिपेगहून इथवर ती मांडीवर घेऊन आला होता. घरात न शिरता तो सरळ अंगणात गेला. बर्फ झाडलं. झाकण उघडलं. आणि बराच वेळ आत बघत उभा राहिला. फिलोमेन पायरीवर, झॅकरी आपल्या दारात.

मग लिऑननं झाकण हळूच खाली केलं. बापाचा स्वभाव त्याच्यात तंतोतंत उतरला होता. म्हणाला, "आये, बॅटरी मी आनलीया. आता हिच्याभवती गाडी तेवढी लावून दे."

झॅकरी हसला आणि लगेच खाली बघून बुटावरचं बर्फ झाडू लागला.

चुकीचं कुणी वागलं नाही. ज्याच्याकडं जे होतं त्यानं ते परत द्यायची तयारी दाखवली. झॅकरी तर हॉर्न काढायलाच निघाला. लिऑन त्याला म्हणाला, नुसता हॉर्न घेऊन मी काय गिरणीवर पोंग पोंग करत पळत जाऊ? आणि रोझलीचा पंप मागायची तर गोष्टच नव्हती. ती स्वतःहून किल्ली घेऊन दारात आली तेव्हा त्यानंच तिला हाताला धरून परत गाडीत बसवलं.

गाडी येतेय असं सांगून काही दिवस तो रस्त्यावर अंगठा वर करून, मिळेल त्या वाहनानं गिरणीवर गेला. त्या थंडीत दोनदा उशीर झाला. मुकादमानं सांगितलं, गाडी घेऊन ये नाहीतर येऊ नको. रात्री लिऑन गरम भट्टीपाशी बसून राहिला. बॅटरी तिथंच ठेवलेली होती. आमच्याकडं कडक थंडीत बॅटऱ्या रात्री घरात घेतात, बाहेर ठेवल्या तर गोठून मरतात. बॅटरीकडं बघत तो म्हणाला, उद्या विनिपेगला परत जातो. झॅकरीकाका मोठ्या रस्त्यावर बसपाशी सोडणार आहे.

फिलोमेननं भाकरी बांधून दिली. गाडीबद्दल तिला बोलायचं होतं, पण तोंड उघडलं की भलतंच निघायचं. मोजे घेतलेस का. टोपी घाल.

सकाळी असली थंडी, की श्वास सुद्धा गोठून कडकड वाजत होता. लिऑन झॅकरीच्या शेजारी जाऊन बसला. झॅकरीनं किल्ली फिरवली. पुन्हा फिरवली. गाडी हलेना. आदल्या रात्री त्यानं आळसानं बॅटरी घरात घेतली नव्हती, हे तो कबूल करणार नव्हता. त्यानं काच खाली केली.

"वैनी, काय म्हनतीया ही?"

फिलोमेन पायरीवर उभी होती. तिला पहिल्याच खेपेला ऐकू गेलं होतं. कट कट कट कट. शेंबडं पोर सांगेल.

पण स्टार्टर म्हटलं तर? स्टार्टर म्हटलं की संपलं. गावात जादा स्टार्टर नाही. तिच्या अंगणातला होता, तो कधीच कुणीतरी नेला होता. शेजारच्या वस्तीवर निरोप धाडायचा, कुणीतरी हुडकून आणायचा, गाडीखाली झोपून बसवायचा, यात आजचा दिवस गेला असता, कदाचित उद्याचाही. पोरगा घरात राहिला असता. रात्री तिला बोलता आलं असतं. झॅकरीला आवाजातलं ढिम्म कळत नव्हतं आणि लिऑन तिच्या शब्दापलीकडं गेला नसता. शब्द जिभेवर आलाच होता.

झॅकरी उतरून गाडीच्या तोंडात वाकला होता. अगदी अल्फोन्ससारखा, ढुंगण वर करून, उघड्या हातांनी. तो हात तिथं दिसला आणि तिचं तोंड आपलं आपणच चाललं.

"बॅटरी," ती म्हणाली.

लिऑननं तिच्याकडं बघितलं. कसं बघितलं ते तिला पुढं कितीही आठवून नीट आठवलं नाही. तो उतरला, तिच्या अंगाजवळून घरात गेला, भट्टीपाशी ठेवलेली आपली बॅटरी घेऊन आला आणि काकाच्या गाडीत बसवली. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. वळणावर झॅकरीनं रिवाजाप्रमाणं हॉर्न दिला. जाडा, घोगरा, शेवटी जरा तुटणारा. अल्फोन्सचा. झॅकरीची गोठलेली बॅटरी बर्फात पडली होती, ती तिनं उचलून आत आणली आणि त्याच जागी ठेवली.

दुपारी झॅकरी परतला. चहा मागितला, पण प्यायला नाही. लिऑनला बसमध्ये बसवलं, म्हणाला. बॅटरी काढून देतो म्हटलं तर घेईना.

"काय म्हनला?" तिनं विचारलं.

झॅकरीनं कप फिरवला. "म्हनला, आयेला सांग, ठेव तुझ्याकडं. कुनाला तरी लागंलच."

लिऑन पुढंही रविवारचा फोन करायचा, मग महिन्यातनं एकदा, मग नाताळला. गाडीचं त्यानं पुन्हा विचारलं नाही. रोझली त्या पंपावर तीन हिवाळे दवाखान्याला जात राहिली, आणि ते दिलेलं फिलोमेनला कधी सललं नाही. रेडिएटरचं सललं नाही, चाकांचं नाही. लोक येत राहिले, ती कान लावत राहिली आणि खरं सांगत राहिली. फोनवरनं सुद्धा माणसं इंजिनापाशी रिसीव्हर धरायची.

सलायचा तो तेवढा त्या सकाळचा एक खरा शब्द. तिला पक्कं ठाऊक होतं की स्टार्टर म्हटलं असतं तरी पोरगा दुसऱ्या दिवशी गेलाच असता. चिडून गेला असता, शिव्या देत गेला असता. तरी थंडीच्या सकाळी कुणाची गाडी कटकट करू लागली की म्हातारी उत्तर द्यायला जरा वेळ लावायची. लोकांना वाटायचं, आता कान गेले हिचे.