साहेबाचा गोल आणि काझीभाईंची असबिया

किस्से हे परसातल्या झावळ्यांसारखे असतात. रोज एखादी पडते, उद्या उचलू म्हणतो, आणि एक दिवस बघावं तर विहिरीची वाट बंद! माझं तसंच झालंय. म्हणून मी सांगतेय, नात लिहून घेतेय. मध्ये मध्ये ती माझी भाषा सुधारते. सुधारू दे. मला कुठे वाचता येतंय!

स्वराज्य आल्यावर काही वर्षांनी विलायतेचा एक तरुण साहेब आमच्या पडवीत राहायला आला. श्रीवर्धनहून दिघीच्या अंगाला आमचं गाव. निम्मी घरं आमची, निम्मी मुसलमानांची. साहेब मराठी पुस्तकातून शिकलेला. रोज संध्याकाळी शेजारचे काझीभाई येऊन बसत. गावचे निकाह लावायचे ते, आणि तरुणपणी हैदराबादेला राहून अरबीतली जाडजूड पुस्तकं वाचून आलेले. माणसांचा अभ्यास कसा करावा, यावरून दोघांची रोज जुंपायची.

साहेब म्हणायचा, "मनुष्य दुरून पाहावा. तरच नीट दिसतो."

काझीभाई म्हणायचे, "बघणारा काय आभाळात बसतो? त्यालाही वर जाब द्यायचा हाय!"

मी आत भाकऱ्या थापत सगळं ऐकायची. आणि ऐकलेलं सगळं उलटं समजायची!

त्याच वर्षी माझ्या शालूचं लग्न ठरलं होतं. माझा एकुलता भाऊ मुंबईला गिरणीत. त्याला रजा मिळते की नाही, हा मला घोर. मामा नसेल तर पोरीला बोहल्यावर आणणार कोण?

*

पहिल्याच दिवशी साहेबाने चावडीवर सांगितलं, "मी तुमच्या सोसायटीचा अभ्यास करायला आलो आहे."

गावात सोसायटी एकच. कंट्रोलची साखर देणारी! चेअरमनांचा चेहरा पडला. त्या संध्याकाळी साहेबाला त्यांच्या घरी चहा मिळाला, त्यात साखरेने चमचा उभा राहत होता म्हणे.

मीही काय कमी? दुसऱ्या दिवशी साहेबापुढे पदर पसरला, "शालूच्या लग्नाला जरा जास्तीची साखर मिळेल का हो?"

साहेबाने घाईघाईने काहीतरी लिहिलं. काझीभाईंनी डोकावून मला सांगितलं, "बाय, तू विलायतेला पोचलीस. 'येथील स्त्रिया पाहुण्याचे स्वागत साखर मागून करतात.'"

*

मग साहेबाने घरोघरची नाती कागदावर काढायला घेतली. पुरुष म्हणजे त्रिकोण, बाई म्हणजे गोल. माझा गोल बघून मी म्हटलं, "साहेब, येवढी का मी जाडी हाय?"

"सर्व स्त्रिया गोल असतात," साहेब म्हणाला.

आमच्या सासूबाई सुपारीच्या झाडासारख्या सरळसोट. त्याही गोल! मग मला जरा बरं वाटलं.

मी म्हटलं, "शालूचे मामा दोन घाला. एक मुंबईचा, एक काझीमामा."

साहेबाची पेन्सिल थांबली. "काझीसाहेब आपले खरे बंधू आहेत काय?"

"मग खोटा भाऊ कसा असतो?"

त्याने त्रिकोण काढला, रेघ ओढली, डोकं खाजवलं आणि सगळं रबराने पुसून टाकलं. "हे नाते कागदावर बसत नाही."

काझीभाई बाहेरून म्हणाले, "कागद लहान हाय तुमचा!"

*

साहेब विहिरीजवळ बसून बायकांकडे बघायचा. अभ्यास म्हणून! काझीभाईंनी त्याला बाजूला घेतलं. "साहेब, आमच्यात दुसऱ्याच्या दारात आधी सलाम, मग इजाजत, मग पाऊल. न विचारता बघणंही बरं न्हवं."

साहेब गुणी. दुसऱ्या दिवशी विहिरीवर गेला, टोपी काढली, आणि एकेकीला अदबीने विचारू लागला, "बाई, मी आपल्याकडे पाहू काय?"

सासूबाई कळशी घेऊन बांधापर्यंत मागे धावल्या!

मीही तिथेच होते हो. नवी चोळी होती अंगात. मला मात्र त्याने विचारलंच नाही!

*

एकदा दोघांचा आवाज फार चढला. काझीभाई सारखे म्हणत होते, "असबिया! असबियाशिवाय काही न्हाय!" साहेब म्हणे, "परंतु ती मला कोठेतरी दिसली पाहिजे ना!"

मला काय, ऐकू आलं तेवढं पुरे. विहिरीवर जाऊन सांगितलं, "दोघं एका बाईवरनं भांडतायत. असबिया नाव तिचं."

दुपारी काझीभाईंची बायको, हाजराभाभी, दारात उभी. "कोण ही असबिया?"

काझीभाई घामाघूम. "अगं, बाई न्हवं ती! आमच्यातल्या एका जुन्या काझीने शेकडो वर्षांपूर्वी लिहिलंय. माणसं एकमेकांना धरून राहतात, एकमेकांसाठी उभी राहतात ना, ती ओढ. तिला म्हणतात असबिया."

हाजराभाभी म्हणाली, "असं होय? आपल्या घरात कधी दिसली न्हाय ती!"

*

शालूचं लग्न वैशाखात. भावाला रजा मिळाली, लाँचमध्ये बसल्याचा निरोपही आला. आणि ओहोटीला लाँच खाडीत गाळात रुतली! मुहूर्त आला, मामा नाही. मी पीठ मळायचं टाकून चुलीमागे तोंड लपवून रडायला बसले.

भटजी ओरडले, "मुलीच्या मामांनी मुलीला आणावं!"

तेवढ्यात आतून शालूचाच आवाज आला, "काझीमामा, बसलात काय? उठा की!"

काझीभाईंनी भटजींकडे बघितलं. भटजींनी घड्याळाकडे बघितलं. "मुहूर्त सांभाळू की मामा शोधू? आणा हो, लवकर आणा!"

काझीभाई शालूचा हात धरून तिला घेऊन आले. मी धावत बाहेर आले ती हाताला पीठ तसंच, आणि त्याच हातांनी डोळे पुसले. पांढरं भूत! वरमाय दचकली.

आता शालूच्या मागेही मामानेच उभं राहायचं, आणि अंतरपाटाचं आमच्या बाजूचं टोकही मामानेच धरायचं. मांडवात धरायला पन्नास हात होते. पण काझीभाईंनी कोपऱ्यात लिहीत बसलेल्या साहेबाला हाक मारली, "साहेब, ती पेन्सिल खिशात टाका. इकडे या. हे टोक धरा."

साहेब आला. धरलं. वरपक्षातल्या प्रत्येक बाईला मंगलाष्टक येत होतं, आणि एकीलाही थांबता येत नव्हतं! साहेबाच्या लाल तोंडावर अक्षता चिकटल्या, हात भरून आले, पण अंतरपाट काही त्याने खाली येऊ दिला नाही.

शेवटी हळूच म्हणाला, "काझीसाहेब, माझे हात फार दुखतात."

शालूच्या मागे उभे असलेले काझीभाई म्हणाले, "दुखतात ना? हां. आता लिहा!"