मी पडलो नाही ती संध्याकाळ

नव्याण्णव साली दिल्लीचं सरकार एका मतानं पडलं, तेव्हा मी घाबरलो. मला वाटलं, ते मत माझंच. आदल्या खेपेला मी मतदानाला गेलोच नव्हतो. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, सहीच्या जागी अंगठा द्यावा लागतो, आणि रांगेत मागे सगळी माझीच गिऱ्हाईकं. ज्यांच्या शर्टांना रोज इस्त्री करतो त्यांच्यासमोर शाई लावलेला अंगठा घेऊन उभं कसं राहायचं? म्हणून घरी झोपून राहिलो होतो.

बायको म्हणाली, "अहो, ती मतं खासदारांची. तुमच्यावाचून दिल्लीचं काही अडलेलं नाही."

तेव्हा कुठं जेवण गेलं.

बिबवेवाडीत एका सोसायटीच्या भिंतीला लागून माझी इस्त्रीची गाडी होती. देशात काय चाललंय ते मला शर्टांवरून कळायचं. कंप्युटरवाली पोरं वाढली तसे निळे फुलशर्ट वाढले. पेपर माझ्याकडे ढीगभर, पण ते कपडे गुंडाळायला. त्या उन्हाळ्यात एकीकडे विलायतेत क्रिकेटचा वर्ल्ड कप आणि दुसरीकडे कारगिलची लढाई. गिऱ्हाईक दोन्हीकडचं एका दमात सांगायचं, मी दोन्हीला "अरेरे" म्हणायचो. एकदा आपण जिंकलो, त्यालाही म्हणालो.

पावसाळ्यात लढाई थांबली. मग पुन्हा मतदान. या वेळी गेलो, अंगठा दिला आणि घाईत विजारीला पुसला, म्हणजे ज्यांना दिसला नव्हता त्यांनाही दिसला. पाठोपाठ गणपती आले. आमच्या चौकातल्या मंडळानं कारगिलचा जिवंत देखावा ठरवला. त्यात बोलायचं काही नसतं. बोलणं, गोळ्या, रडणं सगळं कॅसेटमध्ये भरलेलं. आपण नुसतं तोंड हलवायचं आणि वेळेवर मरायचं.

जवान होणाऱ्या पोराला ऐनवेळी कंप्युटर कंपनीत नोकरी लागली. दोन हजार साल उजाडलं की सगळे कंप्युटर चक्रावणार होते म्हणे, ते ताळ्यावर ठेवायला माणसं हवी होती. भाड्यानं आणलेली वर्दी तेव्हा इस्त्रीला माझ्याकडेच पडलेली. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "घालून बघ रे." घातली, बसली. देशासाठी मरायला माझी निवड अशी मापावरून झाली.

आणि मी मरायचो कसा म्हणता! साधं पडायचं सोडून आधी गोल फिरायचो, मग गुडघ्यावर, मग थर्माकोलच्या डोंगरावरून गडगडत खाली. त्यावर कॅसेटमधली आई हंबरडा फोडायची, "बाळा, मला सोडून गेलास रे!" बायाबापड्या डोळे पुसायच्या. एका म्हाताऱ्यानं तर माझ्या पायाला हात लावला. मी पाय मागे घेतला नाही. आठवलं की आजही पाय आखडतात.

मांडवासमोरच एक भाजीवाली मावशी बसायची. तिची ती कायमची जागा, मांडवच तिच्यापुढं आला होता. खेळ सुरू झाला की ती तोंड फिरवायची आणि पदर कानावरून घट्ट ओढायची. मला वाटायचं, हिला कलेची कदर नाही.

एक दिवस दुपारी ती गाडीवर आली. हातात पुरुषाचा पांढरा शर्ट.

"पोराचा हाय. इस्त्री करून ठेव. आला की लागंल."

"कुठं असतो पोरगा?"

"तिकडंच की. तू रोज मरतो तिथं."

मी इस्त्री बाजूला ठेवून शर्ट घेतला. लढाई थांबल्याचं टीव्हीनं सांगून किती दिवस झाले, पण तिच्या पोराचं ना पत्र, ना फोन. आणि ही बाई रोज संध्याकाळी मेथीच्या जुड्या लावत तो हंबरडा ऐकत होती. उठून जाणार कुठं? सणाचा धंदा.

"मावशी, मला माहीत नव्हतं."

"तुला कशाला म्हाईत आसंल? आज येक दिस नको मरू."

"अगं, कॅसेटच तशी भरलीय."

"वाजू दे कॅसेट. तू पडू नको."

संध्याकाळी पहिल्याच खेळाला गर्दी लोटली होती. गोळ्या सुटल्या. मी उभा. मला झेलायला ठेवलेला दुसरा जवान हात पसरून वाट बघत होता. ओठ न हलवता म्हणाला, "पड ना!" मी नाही पडलो. छाती काढून, सरळ समोर बघत उभा. मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी कामाचं करतोय.

गर्दीतून आवाज आला, "थांबा हो, गोळी बसनं येतेय! स्वारगेटला अडकली असेल!"

झालं, हशा फुटला. तेवढ्यात कॅसेटमधली आई रडायला लागली, "बाळा, मला सोडून गेलास रे!" आणि बाळ तर समोर ठणठणीत उभं! शिट्ट्या पडल्या, लोक पोट धरून हसले. त्या हंबरड्यावर हसले. मी मावशीकडं पाहिलं. तोंडावर पूर्ण पदर, खांदे गदगदत होते. मग ती उठली आणि भाजी तशीच टाकून निघून गेली.

अध्यक्षांनी पडद्यामागं माझी कॉलर धरली. "गाढवा, शहिदांची चेष्टा करतोस?"

मावशीचं मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सगळ्यांनी तिला जाऊन विचारलं असतं, पत्र आलं का, फोन आला का. आणि खरं सांगायचं तर पटलंही नसतं कुणाला. माझं तोंडच असं आहे की मी मयतीला गेलो तरी लोकांना वाटतं, आता हा काहीतरी गमतीचं बोलणार. माझ्या जागी दुसरा आणला. तो एका झटक्यात पडायचा, माझ्यासारखा नखरा नाही.

मावशी पुन्हा बसायला लागली, पण माझ्या गाडीकडं फिरकली नाही. शर्ट माझ्याकडेच. रस्त्याची धूळ बसायची म्हणून मी रोज सकाळी त्याला इस्त्री फिरवायचो. गणपती गेले, नवं सरकार आलं, दसरा गेला, ओरिसात वादळानं माणसं वाहून गेली. शर्ट खिळ्यालाच.

दिवाळीच्या तोंडावर एक काळाठिक्कर, वाळलेला पोरगा गाडीपुढं उभा राहिला.

"काका, माझा शर्ट आहे का हो तुमच्याकडं?"

मी इस्त्री उलटी ठेवली, हँडलवर. बोट भाजलं.

वर कुठल्याशा चौकीवर होता म्हणे. त्याची पत्रं त्याच्या मागून घरी आली. खाली मान घालून म्हणाला, "मंडळ माझा सत्कार करणार आहे. काका, मी तिकडं पोळ्या लाटायचो. बंदूक कमी, लाटणं जास्त. लाज वाटते हो."

"वाटू दे. मी थर्माकोलवर मरून नमस्कार घेतलेत."

तो हसला. मग म्हणाला, "आईनं सांगितलं, तुम्ही एक दिवस पडला नाहीत. ती तुमच्याकडं का येत नाही माहितीये? त्या दिवशी तिलाही हसू फुटलं होतं, पदरात. पोराचा पत्ता नाही आणि आपण हसलो, म्हणून घरी जाऊन रडली. तुम्हाला तोंड कसं दाखवायचं, म्हणते."

मी खिळ्यावरचा शर्ट काढून दिला. उजेडात बघतो तर रोज इस्त्री मारून मारून कॉलर पिवळी पडलेली. एवढं एकच काम मला येतं, तेही असं.

सत्काराला त्यानं तोच शर्ट घातला. अध्यक्षांनी शाल दिली, नारळ दिला, टाळ्या झाल्या. तो स्टेजवर असा बसला होता, जणू कुणी त्याला चोरी करताना धरलंय. मी सगळ्यात मागं. मावशी पहिल्या रांगेतून उठली, मागं वळली, आणि भर सभेत ओरडली, "आरं इस्त्रीवाल्या, मागं का बसलायस? पुढं ये की!"

सगळ्यांच्या माना वळल्या. मी खाली वाकून चपलेचा बंद बांधायला लागलो. माझ्या चपलेला बंद नव्हता.