सरचा डबा

"माझा डबा बाथरूममध्ये ठेवलाय. तोही उचलून आण. तुमच्या लोकांना सवय असते ना!"

विश्रामगृहाच्या व्हरांड्यात चहा पिता पिता सर बोलले. डबा जेवणाचा नाई. संडासचा. सरसोबत पुण्याहून आलेली पोरं फिसकन हसली. एकाले तर चहाचा ठसकाच लागला. मी पायरीवर बसली होती.

सर मोठे शास्त्रज्ञ. जंगलातल्या माणसाच्या पोटात कोणते जिवाणू राहतात, शहरातल्याच्या पोटात कोणते, हे ते शोधून राह्यले होते. त्याले विष्ठेचे नमुने लागतात. गावं गडचिरोलीच्या जंगलातली, माडिया आदिवासी लोकायची. शहराचा एक नमुना सर सोताचाच देणार होते. मी त्यायच्या हाताखाली पीएचडी करत होती. इकडच्याच कोरपना गावची, बौद्धाची पोरगी. इकडची बोली येते म्हणून गावात मलेच धाडलं.

कामाची मले लाज नव्हती. गू तर गू. त्याच्यात विज्ञान आहे, मंग काऊन लाजायचं?

गावात आधी सारे हसले. "येडी झाली का व बाई?" मंग एक म्हातारी पळसाच्या पानाखाली डबा झाकून आली. मी घ्याले हात पुढं केला, तर तिनं डबा मागं ओढला.

"माह्या पोटातलं हाय. मीच ठेवीन. तू नोको हात लावू."

तिनंच बर्फाच्या पेटीत डबा ठेवला. मंग गावाची तीच रीत झाली. गावचा पाटीलबी आपला डबा आपल्या हातानं ठेवून गेला. मी निघताना म्हातारीनं माह्या हातावर पाणी ओतलं.

अन् इथी हा शिकलेला माणूस!

छप्पन साली बौद्ध झाल्यावर माह्या आज्यानं मेलेली ढोरं ओढणं सोडलं. गावानं काम बंद केलं, पाणी बंद केलं. आजा उपाशी राह्यला, पण दोराले हात नाई लावला. अन् मी एमएस्सी होऊन याचा डबा उचलू?

"सर, पेटी इथी आहे. तुमचा डबा तुमीच आणा."

सरनं कप खाली ठेवला.

"पीएचडी करायची आहे ना तुला?"

"करायची आहे. डबा नाई उचलायचा."

सर लाल झाले. अंगणात सफाईवाली बाई झाडत होती. तिले हाक मारली. "ए बाई, बाथरूममधला डबा आण."

बाई निघाली. मी उठली, बाथरूमच्या दारात आडवी उभी राह्यली.

"बाई, तुमीबी नोका उचलू. ज्याचा आहे तो उचलंल."

बाईनं माह्याकडं पाह्यलं, सरकडं पाह्यलं. झाडू भिंतीले टेकवला अन् बाजूले झाली.

शेवटी सर उठले. नाकाले रुमाल लावून, सोताचाच डबा दोन बोटात धरून आले. सोताच्याच पोटातल्याची इतकी किळस! पेटीत टाकला अन् माह्याकडं न पाह्यता बोलले, "उद्यापासून दुसरा गाइड शोध."

शोधला. लय दारं ठोठावली. वर्ष वाया गेलं. घरी माय म्हणे, "चूप राह्यली असती तं?"

नाई राह्यली. राहणारबी नाई. जिवाणूंचंच काम करून राह्यली, याच जंगलात. पेटी माह्याच खांद्यावर राहते. पण डबा ज्याचा त्यानं ठेवायचा, कोणीबी असो. नाई ठेवला, तं तिथीच सडू देईन.