कमरेवरची नागीण आणि धोंड्याचा करदोडा

मी मरणार हे आमच्या घरात सगळ्यात आधी वहिनीला कळलं. मी मोरीतून उघडाच बाहेर आलो, तिनं माझ्या कमरेकडं बघितलं आणि कणीक मळता मळता थांबून म्हणाली, "भाऊजी, ही तर नागीण हाय."

नागीण म्हणजे काय हे आमच्या लातुरात कुणाला सांगावं लागत नाही. कमरेभोवती पुरळ उठतं, दोन्हीकडून सरकत जातं आणि तोंडाला शेपूट भिडली की माणूस संपला. माझं पुरळ पोटावरून निघून दोन्ही कुशींना वळसा घालून पाठीत पोचलं होतं. मधी चार बोटं जागा उरलेली. मी खाली बसलो.

थोरला भाऊ मात्र शांत. "येड्या, नागीण कशाची? एक्झिमा हाय." दादाचा यात अधिकार मोठा. लहानपणापासून त्याला एक्झिमा, धूळ उडाली की शिंका, आणि रक्तात त्या अ‍ॅलर्जीच्या अँटीबॉडी, आयजीई, कायम वाढलेल्या. "रक्त तपासून घे. आयजीई वाढलेली निघाली की सुटलास."

देवाकडं अ‍ॅलर्जी मागणारा मी पहिलाच भक्त असेन. देवानं ऐकलं नाही. आयजीई नॉर्मल आली.

दादाचा चेहरा उतरला. "मग अ‍ॅलर्जी न्हाई. एक्झिमा बी न्हाई."

"मग मी सकाळपासून काय सांगायलेय?" म्हणत वहिनीनं गेरू कालवला आणि माझी कंबर लाल करून टाकली.

पुढचे दिवस मी नुसत्या भीतीवर काढले. पाठीवर झोपलं तर दोन्ही टोकं दबून भिडतील म्हणून पालथा झोपायचो. सकाळी बायको बोटांनी अंतर मोजायची.

"चार हायत."

"नीट मोज. तुझी बोटं बारीक हायत."

शेवटी वैतागून तिनं मला कातडीच्या डॉक्टरकडं ओढत नेलं. दादाही आला, बाहेर बाकावर बसला.

डॉक्टरीणबाईंनी गेरू पुसला. "हे कमरेला काय घातलंय?"

"करदोडा. सासूबाईंनी धोंड्याच्या महिन्यात दिला. चांदीचा हाय."

बाईंनी साखळी बाजूला सरकवली. पुरळ नेमकं तिच्याखाली होतं. मागं साखळी पुरली नव्हती म्हणून बायकोनं काळा दोरा जोडला होता. (माझं पोट सासूबाईंच्या अंदाजापेक्षा पुढं गेलेलं.) त्या दोऱ्याखालची चार बोटं कातडी तेवढी स्वच्छ.

"ही चांदी नाही, यात निकेल असावं," बाई म्हणाल्या. "एक्झिमाच आहे."

"पण आयजीई तर नॉर्मल आली. माझ्या भावाला एक्झिमा हाय, त्याची कायम वाढलेली असते."

"ती तुमच्या भावासारख्या एक्झिम्यात वाढते, तीही सगळ्यांची नाही. तुमचा एक्झिमा स्पर्शानं होणारा. यात त्या अँटीबॉडींचं काम नसतं, पेशीच धातू ओळखून भडकतात. रक्तात दिसणार कसं? पाठीवर पट्ट्या चिकटवून नंतर खात्री करू. आधी हा काढा."

करदोडा तोडतात तो माणूस गेल्यावर. त्यात हुक अडकून बसलेला, म्हणजे कापणंच आलं. मी टेबल घट्ट धरलं. "बाई, जित्तेपणी नको."

बायकोनं बाईंच्या हातातली कात्री घेतली. कट्ट आवाज झाला, तेवढंच आठवतं.

मी बेशुद्ध. बायको मदतीला दादाला बोलवायला दारात गेली, तुटका करदोडा हातात घेऊन. दादानं तो बघितला आणि पुढचं ऐकायला थांबलाच नाही. "मी पुढं जाऊन तयारीचं बघतो," एवढं कसंबसं बोलून रडत रिक्षात बसला. रिक्षातूनच त्यानं किल्लारीला माझ्या सासरी फोन केला. (माझा फोन बंद, बायकोचा घरी चार्जिंगला.)

मला सलाईन लावलं. ते संपवून आम्ही संध्याकाळी गल्लीत आलो तर दारात किल्लारीची जीप, चपलांचा ढीग, आणि आतून सासूबाईंचं रडणं. बायको धावणार तेवढ्यात मी तिला अडवलं. "थांब जरा. माझ्याबद्दल काय बोलायलेत ते ऐकू दे." असा मोका माणसाला सहसा मिळत नाही.

आम्ही खिडकीशी उभे राहिलो. वहिनी हुंदके देत सांगत होती, "मी म्हनलं व्हतं, नागीण हाय. भिडली शेवटी."

"नागीण कुठली बाई," सासूबाई नाक पुसत म्हणाल्या. "जावईबापूंचा सोभाव ठाऊक न्हाई का? भेऊनच गेले असतील."

आतल्या सगळ्यांनी एका सुरात "हाव, हाव" केलं. मी संतापून बायकोकडं वळलो. तीही मान हलवत होती.