माझे हात बांधलेले होते

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. शिक्षण चौथीपर्यंतच झालं, पण माझ्या माहेरी उतारा टाकणं, अंगारा लावणं असलं काही नव्हतं. लोक ज्या पिंपळाला भ्यायचे, त्याच्याखालून मी तिन्हीसांजेला वैरणीचा भारा घेऊन एकटी यायची. शाळेच्या बाईंकडे एक मासिक येतं, त्यात माणसं आपले असले अनुभव कळवतात. ते वाचून मी मनात हसायची. आता त्यांच्यासारखीच लिहायला बसले आहे... पाठवीन असं वाटत नाही. कारण खरं सांगायचं तर आधी दुसरी एक गोष्ट सांगावी लागते, आणि ती मी कुणालाच सांगितलेली नाही.

आमचं गाव उंब्रजच्या जवळ, चालत जाता येईल इतकं. घरापुढे अंगण, अंगणाच्या कडेला कडब्याची खोली. लढाईचे दिवस होते. हे पलटणीत — कुठल्या मुलखात, ते पत्रात लिहायची मुभा नव्हती. धाकटे दीर दिवसभर रानात. घरात मी आणि आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचं डावं अंग लकव्यानं गेलेलं, सोप्यात बाजेवर पडून असायच्या. तोंड मात्र शाबूत होतं.

"इंदे, पानी." "इंदे, पाय चेप." "इंदे, हात हाईत का दगडं? जरा हळू की." दिवसभर हेच. मी उलट बोलणारी नव्हे.

त्याआधी एका सुगीत मी बैलगाडीवरून पडले होते आणि दोन्ही खांदे निखळले होते. हाडवैद्यानं दोन्ही हात अंगाशी आवळून बांधून टाकले. सगळ्यांना माझी कीव आली... मला मात्र जन्मात पहिल्यांदा निवांत वाटलं. बांधलेल्या हातांना कुणी काही सांगत नाही. आपण स्वतःसुद्धा काही सांगत नाही. आत कुठेतरी सगळं गप्प होतं. पट्ट्या सोडल्या त्या दिवशी मी रडले. लोक म्हणाले, दुखलं असेल.

मग माझे हात मी आपले आपणच बांधायला लागले. दुपारी आत्यांचा डोळा लागला की कडब्याच्या खोलीत जायची. सुंभानं कातडी सोलवटायची, म्हणून जुनं लुगडं फाडून, पीळ देऊन मऊ दोर केला. नुसती सरगाठ आवळतच जाते. एकदा बोटं काळीनिळी पडली, तेव्हा तिच्यामागे पक्की गाठ मारायला शिकले, म्हणजे फास तिथंच थांबतो. हात पाठीमागे घेऊन जमिनीतल्या मेखेला बांधायची. सुटायचं टोक आधी बोटांत धरून ठेवायची, पण ते काही खरं नव्हे — मनात येईल तेव्हा सुटता येत असेल तर बांधलंय कशाला म्हणायचं? मला सुटका हवी होती, पण ती माझ्या हातात नको होती.

पुष्कळ विचार केल्यावर गूळ सुचला. पाठीमागच्या फळीवर परात ठेवायची, परातीत पाणी, पाण्यात गुळाचा खडा, आणि त्या खड्यावर तिरका टेकवलेला वरवंटा. वरवंट्याची दोरी वरच्या खुंटीवरून आणून माझ्या गाठीच्या टोकाला बांधलेली. गूळ विरघळला की वरवंटा बाजूच्या कडब्यात पडायचा, टोकाला हिसका बसायचा आणि गाठ सुटायची. पावसाळाभर हे बिनबोभाट चाललं. तेव्हाचा गूळ ओलसर, चटकन विरघळायचा.

त्या दिवशी थंडी होती. गुऱ्हाळावरून नव्या हंगामाचा गूळ आला होता, कडक, कणीदार. त्यातलाच खडा मी घेतला. गार पाण्यात हा गूळ कितीतरी वेळ तसाच राहील, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. बाजाराचा दिवस, गल्ली ओस. अंगणाच्या दाराला मी आतून कडी घातली होती.

मी भिंतीकडे तोंड करून बसले होते. आत्यांची हाक आली, "इंदे, पानी." मग खोकला. तो थांबेना. त्या उताण्या असणार, आणि आपलं आपण कुशीवर वळणं त्यांना जमत नव्हतं. "इंदे..." एवढंच, आणि नुसती घरघर. मी हात ओढले, पक्की गाठ जागची हलेना. उठायला गेले तर मेखेनं परत खाली ओढलं. त्या माझ्यामुळे जाणार हे मला दिसत होतं. मग लाज बाजूला ठेवून मी शेजाऱ्यांना हाका मारल्या, जन्मात मारल्या नव्हत्या तेवढ्या मोठ्यानं. कुणी नव्हतंच.

आणि खोकला थांबला. एकदम. मला वाटलं, संपलं... तोच पाठीमागे वरवंटा धप्पकन पडला आणि गाठ सुटली.

धावत गेले. आत्या उजव्या कुशीवर होत्या, पाठीला उशीचा टेकू. ओठ ओले. घडवंचीवरचा तांब्या — तिथं त्यांचा हात पोचतच नाही — बाजेखाली रिकामा. मी कळशीतून दुसरा तांब्या भरला.

"आता आनि कशाला? दिलंस की आत्ता."

"मी?"

"मग काय तुझ्या आईनं? पाव्हनीला दिल्यागत गूळ-पानी दिलंस. डोस्कं ठिकानावर हाय न्हवं?"

त्यांनी उजवी मूठ उघडली. तळहातावर गुळाचा खडा होता, ओला, कडा झिजलेला.

मी खोलीत परत गेले. परातीत पाणी होतं, किंचित लालसर. खडा नव्हता. अंगणाच्या दाराची कडी घातलेलीच होती.

आत्यांना भ्रम झाला म्हणावं, तर त्यांना कुशीवर कुणी वळवलं? मीच उठून गेले म्हणावं, तर... माझे हात बांधलेले होते.

मी बांधायचं सोडलं. पण आत्या विसरल्या नाहीत. पाणी घेऊन गेले की म्हणायच्या, "तू नगं. त्या दिवशीची येऊ दे."

"आवं आत्या, ती मीच."

"न्हाई. तोंड तुजंच हुतं, पर तू न्हवं. तिच्या हाताला घाई नव्हती. मनगटाला वळ हुतं बिचारीच्या, कुनी बांदली हुती कुनास ठावं."

मी पदर मनगटावर ओढून घेतला.

उन्हाळ्यात त्या फारच खंगल्या. माझ्या हातचं पाणी घेईनात, ओठ मिटून घ्यायच्या. दिरांनी पाजून बघितलं, वैद्यांनी रागावून बघितलं. वैद्य मला बाजूला घेऊन म्हणाले, "पानी पोटात गेलं न्हाई तर पोरी, म्हातारी टिकायची न्हाई."

मला भीती वाटत होती. तरी दुपारी दीर रानात गेल्यावर मी दोर घेतला, परात भरली, आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

बराच वेळ काही नाही. मग सोप्यातून आत्यांचा आवाज आला, अगदी मऊ, तसा मी कधी ऐकला नव्हता. "आलीस व्हय. बस." मग पाणी घोटल्याचा आवाज. मग म्हणाल्या, "माजी सून लय गुनाची हाय. तिला सांगू नगं, न्हाईतर डोक्यावर बसंल. दगडं म्हनते मी तिच्या हाताला... पर ते हात नसतं तर मी कवाच मसनात गेली असती."

मी तेच हात पाठीमागे बांधून ऐकत होते. डोळे पुसता येत नव्हते.

सुटून बाहेर आले तेव्हा आत्या झोपल्या होत्या. तांब्या रिकामा होता. त्यानंतर त्या माझ्या हातचं पाणी प्यायल्या, कुरकुर करत, आणि पाऊसकाळापर्यंत जगल्या. मी ऐकलं होतं हे त्यांना सांगितलं नाही.

ती कोण, कुठून यायची, कळलं नाही. अजून नाही. दोर मी पुन्हा घेतला नाही. पाप वाटतं म्हणून नव्हे... ती येऊन माझ्यापाशीच बसली, तर तिच्याशी काय बोलू? मला घरच्या माणसांशी धड बोलता येत नाही.