बाबांचा खोकला

बाबा गेले त्या वर्षी मी पांढुर्ण्याहून नागपूरला चांगले स्पीकर घ्यायला गेलो होतो. तिथल्या एका दुकानदाराचा नियमच होता, घरचा आवाज आणल्याशिवाय माल दाखवायचा नाही. मी बाबांच्या खंजिरी भजनाची कॅसेट नेली. त्यात दोन भजनांच्या मध्ये बाबा खोकतात. तेवढीच जागा तो एकेका स्पीकरवर वाजवायचा आणि विचारायचा, "असेच खोकायचे का?" मी हो म्हटलं, तेव्हाच सौदा झाला.

औंदा ते स्पीकर बिघडले. त्या दुकानात आता मोबाइल विकतात. दुसऱ्या चकचकीत दुकानात मी कॅसेट पुढे केली, तर विक्रेता हसला. "काका, आता सारे मोबाइलवर पाहूनच घेऊन राहिले. घेतल्याशिवाय डब्बा फोडता येत नाही."

मनातल्या मनात शिव्या देत बंद डब्बा घरी आणला. हे नवे स्पीकर जुन्या आवाजातली खरखर आपोआप काढून टाकतात म्हणे. जुना टेप जोडून कॅसेट लावली. खंजिरी एवढी लख्ख मी कधी ऐकली नव्हती. पहिलं भजन संपलं, दुसरं सुरू झालं. मधे बाबा खोकलेच नाहीत.

आतल्या खोलीतून आईनं विचारलं, "कोण गाऊन राह्यलं रे हे?"