काचेपलीकडचं कालवण

मी एकदा तुरुंगाच्या फाटकापर्यंत जाऊन परत आलो, हे आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. पण ते सांगायचं तर आधी माझ्या मित्राच्या आईबद्दल सांगायला हवं. आमच्या रत्नागिरीच्या तुरुंगातल्या माणसांना आज बंदरावर कोणती मासळी लागली हे जे ठाऊक असतं, ते केवळ या बाईमुळे. पेपर आत शिळा होऊन पोचत असेल. काकी पोचल्या की खबर फडफडीत पोचते.

काकींचं माहेर हर्णेचं. तिथल्या संध्याकाळच्या लिलावात, लाटा, इंजिनं आणि दलाल या तिघांच्या वरताण ओरडत त्या वाढल्या. त्यामुळे हळू बोलणारा माणूस खोटंच बोलत असणार, अशी त्यांची पक्की समजूत. लग्न होऊन त्या आमच्या आळीत आल्या, तेव्हापासून आळीत कोणाचं काही गुपित राहिलेलं नाही. त्यांचा मुलगा सुऱ्या माझा बालमित्र. जेटीवर जाळ्यावरून भांडण झालं, त्यात याने वल्हं उचललं आणि समोरच्याचं डोकं फुटलं. माणूस वाचला, सुऱ्या आत गेला. आळीतल्या बायका तोंडं पाडून काकींकडे सांत्वनाला आल्या, तर काकी मासे निवडत बसलेल्या. "चुकला तो," त्या म्हणाल्या. "शिक्षा झाली, ती भोगील. पन चुकलेल्या मानसाला भूक लागत नाय काय? सरा बाजूला, उजेड अडवताय."

मुलाखतीच्या, म्हणजे तुरुंगातल्या भेटीच्या दिवशी काकींचा थाट लग्नघरच्या व्याहिणीसारखा. ठेवणीतलं लुगडं, अंबाड्यावर अबोलीची वेणी, आणि आधार कार्ड रुमालात असं गुंडाळलेलं की जणू आत देवाचा टाक आहे. "रडका चेहरा घेऊन गेले तर पोराला पुढच्या भेटीपर्यंत तोच पुरवावा लागेल," हे त्यांचं म्हणणं. मध्ये काच आणि बोलायला फोन, ही व्यवस्था मात्र त्यांनी कधीच मानली नाही. फोन त्या हातात धरतात तो केवळ शिपायाचा मान म्हणून. बोलतात थेट काचेतून. "काकी, हळू. फोन आहे ना!" शिपाई कळवळतो. "फोन बारका हाय, माजा पोर मोठा हाय!" असं काकी गरजल्या की संपलं. शेजारच्या खिडकीतला कैदी स्वतःच्या बायकोला थांबवून विचारतो, "काकी, सुरमई लागली काय?"

बाहेरचं शिजवलेलं आत चालत नाही. यावर काकींनी तोड काढली ती अशी, की त्या सुऱ्यासमोर तोंडाने स्वयंपाक करतात. "हां, खोबऱ्याचं वाटप घातलं. आता सोलं टाकली. बांगडे सोडते, ढवळायचं नाय, तुटतील. आली बघ उकळी. घे भात मोडून!" सुऱ्या काचेपलीकडे खरोखर मान डोलवत गिळतो म्हणे. काकी येऊन गेल्या की आतली डाळ कोणाच्या घशाखाली उतरत नाही, अशी तक्रार एका शिपायाने केली. त्याला काकींनी सुनावलं, "मंग तू पन ऐकत जा. घरी बायकोला सांगायला बरं."

शिमग्यात तर त्यांनी गावच्या मानकऱ्यांनाच धरलं. पालखी घरोघर जाते, मग सुऱ्याकडे का नाही? "अहो काकी, तुमच्या घरी येते ना पालखी?" "मी हाय तिथं. पोराचं घर सध्या भिंतीआड हाय. तिकडं न्या." मानकऱ्यांनी नियम सांगितले, प्रथा सांगितली, शेवटी हात जोडले. पालखी काही वळली नाही. पण ढोलवाले तुरुंगाच्या वळणावर थांबले आणि हात दुखेपर्यंत वाजवत राहिले. आत पोरं नाचली, असं सुऱ्याने नंतर काकींना सांगितलं. काकी हे सांगताना स्वतःही दोन पावलं नाचून दाखवतात.

आणि मी? मी सरकारी कचेरीतला माणूस. तिथे नाव नोंदवायचं, कोणी पाहिलं तर, या विचाराने सुऱ्याला भेटायला कधी गेलोच नाही. काकींनी कधी विचारलंही नाही. एकदा त्या तापाने फणफणल्या, तेव्हा म्हणाल्या, "बाबू, आजच्या दिस तू जा रं. कोन आला नाय तर पोर दाराकडं बघत बसंल." मी गेलो. समोरच्या टपरीवर सोडा प्यायलो, फाटकाकडे पाहत उभा राहिलो, भेटीची वेळ टळू दिली आणि परत आलो. "बरा आहे," मी काकींना सांगितलं. "अंग भरलंय. तुमची आठवण काढत होता." काकींनी समाधानाने डोळे मिटून घेतले.

पुढच्या भेटीला त्या स्वतः गेल्या. मी त्यांच्या पडवीत बसून वाट पाहत होतो. आता आळी गोळा होणार, आणि जी बाई शिपायालाही सोडत नाही ती मला काय सोडणार! काकी आल्या, वेणी काढून ठेवली आणि माझ्याजवळ बसल्या. "बाबू, सुऱ्याला लय बरं वाटलं हां तुला बघून. तुजा निळा शर्ट चांगला दिसत होता म्हनाला."

त्या दिवशी मी पांढरा शर्ट घातला होता. आणि काकी हे हळू आवाजात बोलल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

त्यानंतर प्रत्येक भेटीहून त्या माझ्यासाठी सुऱ्याचा निरोप आणतात, तसाच, हळू आवाजात. आता त्यांचे गुडघे गेलेत, रिक्षातून उतरताना कोणाचा तरी हात लागतो. मी त्यांना फाटकापर्यंत सोडतो आणि टपरीवर थांबतो. आतून त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत येतो, बांगड्याला उकळी आल्याचं कळतं. मी एक निळा शर्ट आणून ठेवलाय. तो अजून घडीचाच आहे.

सुऱ्याला एक भेट आणि काकींना एक खरा निरोप, एवढं मी देणं लागतो.